थांबण्याचं अंतर

शिवलीलाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र आलं तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आता चौऱ्याहत्तरचा आहे. मधल्या सहा वर्षांत मी इतर पत्रांना उत्तरं दिली. पेन्शनच्या ऑफिसला दिलं, वाचनालयाला दिलं, एका दूरच्या भाच्याच्या लग्नपत्रिकेलासुद्धा दिलं. तिच्या पत्राला नाही.

राजाजीनगरच्या एका पी.यू. कॉलेजात मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. शिवलीला निपाणीकडची. अकरावी-बारावीसाठी मामाकडे येऊन राहिली होती. वर्गात मी इंग्रजीत शिकवायचो, पण तास संपला की ती वही घेऊन टेबलापाशी यायची आणि आम्ही मराठीत बोलायचो. आमचं घराणं या कन्नड मुलखात कधी आलं ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. घरातली मराठी घरातच राहायची. कॉलेजात मी ती फक्त या मुलीशी बोललो असेन.

तिला गतीची गणितं आवडायची. चाल आणि वेग यांतला फरक एकदा कळल्यावर ती थांबेचना. गाडी अमुक वेगानं येतेय, ब्रेक लावल्यावर तमुक दरानं मंदावतेय, तर किती अंतरावर थांबेल? ती पान आखून घ्यायची आणि मी शिकवल्याप्रमाणे डावीकडे लिहायची: दिलेले, काढायचे, सूत्र. माझा एक नियम होता. दिलेल्याशी भांडायचं नाही. मुलं विचारायची, "सर, आगगाडी एवढ्या लवकर कशी थांबेल?" मी म्हणायचो, "पेपर काढणाऱ्यानं थांबवलीय, तुम्ही सोडवा." मुलं हसायची. माझा हा एकच विनोद होता आणि तो मी चौतीस वर्षं वापरला.

तिच्या पत्राची सुरुवात अशी होती:

"सर, मंजुनाथ गेला. माझे यजमान. मागच्या महिन्यात सर्जापूर रोडवर, मोटारसायकलवरून घरी येताना. अपार्टमेंटच्या गेटमधून पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता."

पुढे तिनं लिहिलं होतं की त्या संध्याकाळी ती आणि चार वर्षांची मुलगी भव्या दाराबाहेर अडकल्या होत्या. दार ओढलं गेलं, चावी आत राहिली. दुसरी चावी मंजुनाथकडे. मुलगी रडत होती. तिनं त्याला फोन केला, लवकर ये म्हणाली. मोबाइलमध्ये फोनची वेळ सहा बारा. पोलिसांनी अपघाताची वेळ लिहिली सहा वीस. ऑफिसपासून त्या गेटपर्यंत साडेसात किलोमीटर. आठ मिनिटांत साडेसात किलोमीटर, म्हणजे ताशी छप्पन.

"सासूबाई म्हणतात, तू फोन केलास म्हणून तो पळत आला. मी गणित मांडलंय. शहाळीवाला सांगतो, टँकर दिसला तेव्हा गाडी त्याच्या गाड्यापाशी होती. तिथून गेट पंचवीस मीटर. ब्रेकचं मंदन सहा धरलं, भानावर यायला एक सेकंद. छप्पनला थांबायला छत्तीस मीटर लागतात. चाळीसला साडेएकवीस. म्हणजे नेहमीसारखा चाळीसनं आला असता तर साडेतीन मीटर आधी थांबला असता. सर, माझं काहीतरी चुकत असावं. तपासून द्याल का? सोबत पोलिसांच्या कागदाची झेरॉक्स आहे. मी ती वाचलेली नाही. तुम्हाला लागली तर बघा."

खाली तिनं पान आखलं होतं. दिलेले, काढायचे, सूत्र.

मी ते गणित त्याच दिवशी तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. एकूण सहा वेळा. किलोमीटरचे मीटर बरोबर होते, वर्ग बरोबर होते, भागाकार बरोबर होता. चूक असती तर मी धावत टपालपेटीकडे गेलो असतो. तिला काय हवंय ते मला कळत होतं. आपल्या मास्तरनं लाल शाईनं एक ओळ खोडावी, एवढंच. माझ्याकडे खोडायला ओळ नव्हती.

खोटं लिहावं असंही मनात आलं. पण ती दोन मिनिटांत पकडेल, मीच तिला पकडायला शिकवलं होतं. सांत्वनाचं लिहावं तर ते मला कधी जमलेलं नाही. मी पत्र लिफाफ्यात परत घातलं आणि एका जाड शब्दकोशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात लिहू, म्हणालो. तिचे मामा शिवाप्पा आमच्यापासून तीन क्रॉस, म्हणजे तीन आडव्या गल्ल्या, पलीकडे राहतात. सकाळी फिरायला जाताना त्यांच्या दारावरून जायचा माझा रस्ता मी बदलला.

यंदा मार्चमध्ये घर रिकामं करायची वेळ आली. मी आणि माझी थोरली बहीण सोयराबाई, दोघंच राहतो. ती एकोणऐंशीची, विधवा. लोकांना वाटतं ती माझ्याकडे राहते, पण खरं तर मी तिच्याकडे राहतो. पुतण्या अभिराज म्हणाला, दोघांनी जिने चढणं पुरे, माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर या. त्यामुळे माझी पुस्तकं खोक्यांत भरायचं काम अक्कानं हातात घेतलं. मोतीबिंदू काढल्यापासून ती दिसेल तो कागद वाचते. वाण्याच्या पुडीचाही.

"खंडू, हे काय रे?" तिनं शब्दकोश उघडून धरला होता.

"ठेव ते. जुनं आहे."

"जुनं म्हणजे? तू उत्तर दिलंस?"

मी एका खोक्याला दोरी बांधत राहिलो.

"दिलं नाहीस," अक्का म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. पत्र मांडीवर ठेवून ती म्हणाली, "सर्जापूर रोडवर संध्याकाळी सव्वासहाला ताशी छप्पन! काय विमान चालवत होता काय रे तिचा नवरा?"

"वेळा दिलेल्या आहेत अक्का. बारा आणि वीस. अंतर दिलंय."

"कुणी दिल्या वेळा?"

"पोलिसांनी."

तिनं चष्मा काढून पुसला. अक्कानं तीस वर्षं कोर्टात कन्नड टायपिस्ट म्हणून काम केलं. पोलिसांच्या कागदांवर तिचं आयुष्य गेलं. इतर बायका मालिका बघतात तशी ती अजून वर्तमानपत्रातली गुन्ह्यांची पानं वाचते आणि बातमीदाराच्या चुका काढते. तिनं लिफाफ्यातून झेरॉक्स काढली. चार पानं, घडीवर पिवळी पडलेली.

"महजर आहे," ती म्हणाली. पंचनाम्याला इथं महजर म्हणतात. "हे तू वाचलंस?"

"नाही."

"का?"

शिवलीलानं गणित पूर्ण मांडून दिलं होतं. दिलेलं सगळं पत्रात होतं, मग आणखी कागद कशाला बघायचा, असं मला तेव्हा वाटलं. आणि दुसरं म्हणजे त्या कागदात रक्त असणार, ते मला बघायचं नव्हतं. यातलं खरं कारण कुठलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

"अय्यो, मास्तर," अक्का म्हणाली. "पोरीनं पुरावा जोडलाय आणि जज्जानं तो उघडलाच नाही." मग ती वाचू लागली. कन्नडमध्ये एक वाक्य पुटपुटायची आणि मला मराठीत सांगायची. "अपघात सुमारे सहा वाजून वीस मिनिटांनी. बघ, सुमारे. मी हा शब्द लाखभर वेळा टंकलाय. सुमारे म्हणजे हवालदाराला जेवढं आठवलं तेवढं. दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे. यावर तू भागाकार केलास?"

मी खाली बसलो. चार मिनिटं जरी उशिरा धरली, आठाच्या जागी बारा, तरी छप्पनचे साडेसदतीस होतात. हा हिशेब मला तोंडी आला आणि त्याची लाज वाटली. शिवाय तो सरासरी वेग होता. सरासरीवरून त्या क्षणीचा वेग काढायचा नाही, हे मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत होतो.

"टँकरवाल्याचा जबाब, मोटारसायकल भरधाव येऊन मागं आदळली," अक्का वाचत होती. "ते तो म्हणणारच. आता जागेची पाहणी. रस्त्यावर टायर घासल्याची खूण, पूर्वेकडून पश्चिमेकडे, लांबी नऊ मीटर. खूण संपते तिथून डांबरावर धातूचे ओरखडे. लांबी दोन मीटर." ती थांबली. "खंडू, हे ओरखडे पश्चिमेकडून पूर्वेकडे आहेत."

"परत वाच."

"पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे गाडी आली तिकडे परत. नकाशा पण काढलाय बघ, बाण दाखवलाय." तिनं पान माझ्यापुढे धरलं. हवालदारानं पट्टीनं रेघा मारल्या होत्या. टँकरच्या चौकटीत 'नीरु', म्हणजे पाणी, असं लिहिलं होतं. "मी असे दोन-तीन खटले टंकलेत. आदळलेली गाडी पुढं घसटते किंवा खाली घुसते. ही मागं ढकलली गेलीय. सांग ना, तू शिकलेला आहेस."



तो आदळला नव्हता. नऊ मीटरची खूण उमटवून तो थांबला होता. टँकर मागं येतच राहिला आणि त्यानं उभ्या गाडीला मागं रेटलं.

मी पेन्सिल घेतली. शेवटचा वेग शून्य. मंदन सहा. अंतर नऊ. दोन गुणिले सहा गुणिले नऊ, एकशे आठ. त्याचं वर्गमूळ दहा पूर्णांक चार, म्हणजे ताशी सदतीस. सहा हा आकडा तिनं अंदाजानं घेतला होता, म्हणून मी पाच धरून पाहिलं, सात धरून पाहिलं. चौतीस आलं, चाळीस आलं. छप्पन यायला खूण वीस मीटरची हवी होती.

"काय आलं?" अक्कानं विचारलं.

"तो नेहमीसारखाच येत होता."

अक्कानं कागद खाली ठेवला. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. परत आली तेव्हा म्हणाली, "सहा वर्षं, खंडू. कागद तुझ्या घरात होता."

पत्रावरचा पत्ता सर्जापूर रोडचा होता. ती तिथं उरली नसणार. नवा पत्ता हवा तर शिवाप्पांकडे जावं लागणार होतं. मी म्हटलं, कॉलेजात चौकशी करतो. अक्का म्हणाली, "तीन क्रॉस आहेत, हिमालय नाही. चप्पल घाल."

शिवाप्पा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. पूर्वी त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. मला बघून ते उठले.

"या की सर. बसा. लई दिसांनी."

मी पत्ता मागितला. पत्र लिहायचंय, म्हटलं. त्यांनी कशाला ते विचारलं नाही.

"कोरमंगलात असते. एका शाळेच्या ऑफिसात कामाला हाय. दोन खोल्या घेतल्यात. सासरचं कुणी येत न्हाई." ते वही शोधायला आत गेले आणि बाहेर येता येता बोलत राहिले. "पोरगी धा वर्षांची झाली. हुशार हाय. आईवर गेलीया."

"शिवलीला कशी आहे?"

"हाय." त्यांनी वहीची पानं उलटली. "फोन आला तर घेते. आपणहून करत न्हाई कुणाला. मला पण न्हाई. मागं एकदा शाळेची व्हॅन दोन तास आली न्हाई. ही गेटवर उभी. डायवरचा नंबर हातात. शेजारीण म्हणाली, लाव की. न्हाई लावला. मी नंतर रागावलो, तर मला म्हणते, मामा, मी फोन केला तर तो पळवील."

त्यांनी पत्ता एका जुन्या पत्रिकेच्या मागं लिहून दिला. अक्षर मोठं आणि सरळ होतं.

"तुमची चौकशी करत होती," ते म्हणाले. "दोनदा विचारलं, सर बरे हायत का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, बरे हायत. आता पलीकडच्या क्रॉसनं जात्यात फिरायला."

ते माझ्याकडे बघत नव्हते. कॉफी आली, ती मी प्यायलो. चव कळली नाही.

मग पाच दिवस मी पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात मी स्वतःबद्दलच लिहिलं होतं, माझा भिडस्तपणा, माझी शरम. अक्कानं तो वाचून परत दिला. "तिनं तुझी तब्येत विचारलीय का? पहिल्या ओळीत तो थांबला होता हे लिही. ती दुसऱ्या ओळीपर्यंत श्वास धरून बसणार, एवढं ध्यानात ठेव."

दुसरा मसुदा नुसतं गणित होतं. "आता कोर्टात दाखल करायचाय का?" अक्का म्हणाली.

खरा घोळ पुढं झाला. शिवलीलाला मी ओळखतो. सदतीस हा आकडा वाचल्यावर ती रडेल, आणि मग पेन्सिल घेईल. तीसनं आला असता तर? तीसला ब्रेकची खूण सहा मीटरच्या आत. म्हणजे तो तीन मीटर आधी थांबला असता, भानावर येण्यात गेलेलं अंतरही कमी झालं असतं. टँकरला आणखी मागं यावं लागलं असतं. कुणीतरी ओरडलं असतं. कदाचित. हे लिहावं की नाही? न लिहिलं तर ती ते स्वतः काढेल आणि म्हणेल, सरांनी लपवलं. लिहिलं तर मीच तिच्या हातात दुसरा फास दिला. मी तीन दिवस या एका परिच्छेदावर अडून बसलो.

आणखी एक गोष्ट मी काढली. शहाळीवाल्याचे पंचवीस मीटर खरे धरले, तर मंजुनाथ थांबला तिथून गेट अजून पाच मीटर पुढं होतं. ते पाच मीटर टँकरनं, तो ब्रेक लावत होता तेव्हापासून, कापले. टँकरचा वेग माझ्याकडे नाही, पण माणसाच्या चालण्याएवढा धरला तर मंजुनाथ थांबून अर्धा-एक सेकंद तसाच उभा होता. पाय टेकवून, बहुतेक हॉर्न वाजवत. हे मी पत्रात घातलं नाही. तो कागद मी फाडला. तो अर्धा सेकंद मला आता रोज आठवतो. ते माझं मी सोसेन.

शेवटी पत्र झालं ते असं:

"चि. शिवलीला, मंजुनाथ टँकरवर आदळला नाही. तो आधीच थांबला होता. पोलिसांच्या महजराच्या तिसऱ्या पानावर टायरची खूण नऊ मीटर लिहिली आहे आणि तिच्यापुढचे ओरखडे उलट्या दिशेनं आहेत. थांबलेल्या गाडीला टँकरनं मागं ढकललं. खुणेवरून त्याचा वेग ताशी चौतीस ते चाळीस येतो. मांडणी मागच्या पानावर केली आहे, तपासून पाहा. तू फोन केल्यावर तो नेहमीच्याच वेगानं येत होता.

तुझ्या आकडेमोडीत चूक नव्हती. सहा वाजून वीस ही वेळ पोलिसांनी अंदाजानं लिहिली आहे, कागदावर तसं स्पष्ट म्हटलं आहे. तिच्यावरून वेग काढता येत नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. तू कागद पाठवला होतास, मी तो उघडला नाही. आकडे तपासले आणि गप्प बसलो. दिलेल्याशी भांडायचं नाही असं मी तुम्हाला शिकवलं, ते वाईट शिकवलं.

तू विचारशील, आणखी हळू आला असता तर? तीसनं आला असता तर पाचेक मीटर अलीकडे थांबला असता. तेवढ्यानं तो वाचला असता का, हे या कागदांवरून सांगता येत नाही. टँकर कधी थांबला असता ते कुठंही लिहिलेलं नाही. मी खूप शोधलं. जे दिलेलं नाही त्याचं उत्तर काढू नकोस, एवढं मास्तर म्हणून सांगतो. तेवढा हक्क मला उरला असेल तर.

सहा वर्षं उशीर झाला. माफी मागायची माझी हिंमत नाही. भव्याला आशीर्वाद. खंडोजी."

"माफी मागायची हिंमत नाही ही पण माफीच झाली," अक्का म्हणाली. पण तिनं ते खोडलं नाही. महजराचं तिसरं पान तिनं स्वतः मराठीत लिहून काढलं, खाली तारीख घातली आणि सवयीनं सही केली.

फोन कर, असं अभिराज म्हणाला. कोरमंगला काय लांब आहे, गाडीनं सोडतो. मी नको म्हटलं. ती मला दारात बघेल तेव्हा तिला माझ्यासाठी चहा टाकावा लागेल, माझ्यासमोर धीर धरावा लागेल. हे तिनं एकटीनं वाचावं, वाटल्यास चारदा वाचावं, वाटल्यास फेकून द्यावं. आणि खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर बसवलं नसतं.

पोस्टात रांग होती. माझ्यापुढं एक बाई मुलाला मसाल्यांचं पार्सल पाठवत होत्या. वजन जास्त भरलं म्हणून त्यांनी दोन पुड्या काढल्या, मग एक परत घातली. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या मुलीनं लिफाफा उलटापालटा करून पाहिला.

"आत फोटो, कागदपत्रं?"

"पत्र आहे."

"पोचपावती हवी?"

पत्र पोचलं का हे जाणून घ्यायचा आपल्याला हक्क आहे का, असं काहीतरी मनात आलं. मुलगी वाट बघत होती. "नको," मी म्हटलं.

तिनं शिक्का मारला आणि लिफाफा मागं टाकला. तिथं आधीच बरेच पडले होते. त्यांतला माझा कुठला ते दोन क्षणांनी मला ओळखू येईना. उद्या मिळेल की परवा, तेव्हा ती ऑफिसात असेल की घरी, पहिली ओळ उभ्यानं वाचेल की बसून, असं मनात येत राहिलं. ती वाचेल तेव्हा सहा वर्षं कमी होणार नाहीत, हेही कळत होतं.

"सार, स्वल्प जागा बिडी," मागच्या माणसानं जागा सोडायला सांगितलं.

मी बाजूला झालो.